अडुसष्टचा कागद

चूक कबूल करणाऱ्या माणसाला लोक एवढ्या टाळ्या देतात, हे समीक्षाला त्या रविवारी मुलुंडच्या सभागृहात कळलं.

व्यासपीठावर डॉक्टर चंद्रप्रकाश टिपणीस उभे होते. पंच्याहत्तरी उलटलेली, अंगात पांढरा झब्बा, आवाज मात्र अजून खणखणीत. उभं आयुष्य त्यांनी मुलांची बुद्धी मोजण्यात घालवलं होतं, आणि त्याच विषयावरच्या त्यांच्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती आज निघत होती.

"आमच्या तरुणपणी आम्ही छातीठोक सांगायचो, बुद्ध्यांक म्हणजे रक्तगट. एकदा निघाला की जन्मभर तोच. मीही तेच शिकवलं, तेच लिहिलं. आज सांगतो, मी चुकलो होतो."

पहिली टाळी तिथे पडली.

"वयाबरोबर बुद्धी बदलते. काही बाबतींत मंदावते. माझंच बघा, चष्मा कपाळावर असतो आणि मी घरभर शोधतो." लोक हसले. "पण शब्द, समज, तारतम्य, हे पुढेही कितीतरी वर्षं वाढत राहतं. आणि लहान मुलाचा आकडा? ती तर पाण्यावरची रेघ. तज्ज्ञाने मत बदललं तर त्याला हसू नका. पुरावा बदलला की मत बदलायचं, हाच आमचा धर्म."

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. चौथ्या रांगेत समीक्षा मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती. ती तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायची, राहायची नाहूरला. माहेर मालाडचं, खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यातलं. त्या घरात देवाच्या फळीवर, खंडोबाच्या टाकाशेजारी, याच डॉक्टरांच्या सहीचा एक कागद चाळीस वर्षं बसलेला होता.

तो कागद असा आला. समीक्षा तेव्हा सात वर्षांची आणि तिचा भाऊ बळवंत नऊ वर्षांचा. शाळेत शहरातले एक तरुण डॉक्टर आले, चित्रांचं पाकीट घेऊन. ज्या मुलाची बुद्धी चांगली निघेल त्याला मोठ्या शाळेत फुकट घेणार होते. दोघं भावंडं एकापाठोपाठ एक आत गेली. महिन्याभराने एकाच कागदावर दोघांचे आकडे आले. समीक्षा एकशे चार. बळवंत अडुसष्ट. बळवंतच्या नावापुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : सजीव-निर्जीव भेद कळत नाही. शिक्षणाने फरक पडणार नाही. हातकामास लावावे.

बापाने तो कागद गुरुजींकडून दोनदा वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बळवंतला होडीवर नेला. आई सरूबाईला अक्षरओळख नव्हती. शिकलेल्या माणसाने सहीशिक्क्यानिशी दिलेला कागद म्हणजे तिच्या लेखी देवाचा कौल. तिने तो फळीवर ठेवला. दरवर्षी दसऱ्याला कोयता, तराजू आणि जाळ्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं. आता तर आकडे पुसट होऊन कागदच पिवळा-तांबडा झाला होता.

आणि हा अडुसष्टवाला बळवंत कसा, तर चैत्रातल्या कीर्तनसप्ताहात पुढे बसून झांज वाजवणारा. बुवांचं दोन तासांचं आख्यान एकदा ऐकलं की दुसऱ्या दिवशी होडीवर पहिल्या नमनापासून शेवटच्या गजरापर्यंत जसंच्या तसं उभं करायचा. कुठे बुवा थांबले, कुठे खोकले, तेही सोडायचा नाही. बरोबरची माणसं म्हणायची, "बलवंता, तुज्या डोक्यान टेप हाय रं." तो म्हणायचा, "टेपला काय अक्कल लागते? मी अडुसष्ट हाय." आणि हसायचा. ते हसणं समीक्षाच्या काळजात चाळीस वर्षं रुतून बसलं होतं. तिची पदवी, तिची नोकरी, तिचं नाहूरचं घर, सगळं त्या कागदावरच्या वरच्या ओळीतून आलं होतं, आणि खालच्या ओळीत भाऊ होता.

हे सगळं पोटात ठेवून ती जगली असती. पण आता बळवंतची मुलगी निधी दहावीला गणितात आणि विज्ञानात नापास झाली होती. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेत भरून द्यायचा, शनिवार शेवटचा, आणि बापाची सही पाहिजे. बळवंत सही करत नव्हता.

"आमच्या डोक्याचं माप निघालेलं हाय," तो म्हणाला होता. "बी तसं रोप. कशाला पोरीला दोनदा रडवायची? तिच्या आयेबरोबर म्हावऱ्याच्या पाटीवर बसंल."

"अरे दादा, दोन विषय राहिले, जग नाही बुडालं."

"तुज्यान डोकं व्हतं समे, तुना नाय कळायचं."

म्हणून ती आज इथे आली होती. कार्यक्रम संपल्यावर सह्यांची रांग ओसरेपर्यंत ती थांबली. मग मोबाईलवरचा कागदाचा फोटो डॉक्टरांपुढे धरला.

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. बराच वेळ पाहत राहिले.

"माझीच सही. शहाऐंशी साली पद्धत बदलली, त्याच्या आधीचा. बाई, मूळ कागद आहे अजून?"

"देवघरात आहे, सर. या मुलाला तुमच्या या ओळीवरून शाळेतून काढलं. तो माझा भाऊ."

"हं." त्यांचा चेहरा खरोखर उतरला. वाईट माणूस नव्हता तो. "काय सांगू तुम्हाला. त्या काळचं शास्त्रच तसं होतं. आम्हाला जे साधन दिलं त्याने मोजलं. पण आता मी जाहीरपणे सांगितलंय ना, पुस्तकातही लिहिलंय. एक प्रत तुमच्या भावाला माझ्याकडून."

"त्याला वाचता येत नाही, सर."

डॉक्टरांनी पुढे केलेली प्रत पुन्हा टेबलावर ठेवली.

समीक्षाला तेव्हा धोंडिरामबुवा आठवले. तरुणपणी बुवा कोळीवाड्यात पहिल्यांदा कीर्तनाला आले आणि ऐन रंगात बोलून गेले, की जिवाची हत्या करून पोट भरणाऱ्याच्या घरी देव पाणीही पीत नाही. कोळीवाडा मुकाट ऐकून घरी गेला. पुढच्या चैत्रात बुवा आले, गळ्यात हार घालू दिला नाही, नमनाआधी दोन्ही कान धरून उभे राहिले. म्हणाले, "गेल्या वर्षी याच जागेवरून मी चुकीचं बोललो. वर्षभर मला झोप नाही. तेव्हा जे ऐकायला होते ते सगळे आलेत का?" कुणी म्हणालं, हरी तांडेल अंथरुणाला खिळलाय. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या, तसेच अनवाणी त्याच्या घरी गेले, त्याच्या कानाशी बसून तेच सांगितलं आणि मग येऊन कीर्तनाला उभे राहिले. ज्या कानात चूक घातली त्याच कानातून ती काढावी लागते, एवढंच त्या रात्री त्यांचं निरूपण होतं.

"सर," समीक्षा म्हणाली, "इथल्या लोकांना तुम्ही कधी काही चुकीचं सांगितलंच नव्हतं. ज्यांना सांगितलं त्यांच्या घरी येऊन एकदा बोला. माझ्या भाचीचं शिक्षण अडलंय त्या आकड्यावर."

डॉक्टरांनी मान हलवली. "येतो. यायलाच हवं. शुक्रवारी सकाळी. आणि बाई, तो कागद तेवढा कुणाला हलवू देऊ नका. पुढच्या आवृत्तीत त्याचं छायाचित्र फार बोलकं होईल."

शुक्रवारी ती त्यांना गोरेगावच्या जोडरस्त्याने मालाडला घेऊन आली. मासेमारीची बंदी लागली होती. होड्या ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या, ताडपत्रीखाली झाकलेल्या. बळवंत ओट्यावर जाळं विणत बसला होता. डॉक्टरांना पाहून उठला, लुंगीला हात पुसले, खुर्ची पुढे केली. "या साहेब. चाय घेनार का थंडा?" निधी दारामागे उभी होती. आत सरूबाई भिंतीला टेकून बसलेली, ऐंशीच्या घरातली, कान मात्र तिखट.

डॉक्टर खरोखर चांगलं बोलले. खुर्ची सोडून ओट्यावर बळवंतच्या शेजारी बसले. म्हणाले, "बळवंतराव, चाळीस वर्षांपूर्वी मी तुमच्याबद्दल एक गोष्ट लिहून दिली. ती चूक होती. मला तुम्हाला तेच सांगायचंय." मग त्यांनी खिशातून जुनं पाकीट काढलं. "हीच ती चित्रं. गाय, कावळा, मासा, होडी. मी विचारलं होतं, यातलं जीव नसलेलं कोणतं? तुम्ही काय सांगितलंत, आठवतं?"

"मासा," बळवंत म्हणाला.

"मासा. उत्तर होतं होडी. मी शून्य दिलं. असे बारा-पंधरा प्रश्न. आज कळतं, की..."

"साहेब, त्या माशाचा डोला पांढरा काढलाय," बळवंत चित्राकडे न बघता म्हणाला. "तोंड वासलेला. दोन दिसांचा मेलेला व्हता तो. आनि होडी..." तो ताडपत्रीकडे बघून थांबला. "होडीला नारलीपुनवेला हळद लावतो आम्ही. ती पावसाची झोपते."

समीक्षाला वाटलं, झालं. एवढ्या एका वाक्याने सगळं फिटलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "हेच! तुम्ही बरोबर होता. चूक माझी होती. तुमची बुद्धी त्या वेळीही उत्तम होती."

आणि त्याच वेळी दारातून आवाज आला.

"म्हंजे काय गो बाय?"

सरूबाई भिंतीला धरून उभी राहिली होती. तो पिवळा कागद तिच्या हातात होता. साहेब येणार म्हणून तिनेच फळीवरून काढून आणला असावा. "साहेब, मना नीट सांगा. तवा मी पोराला शालेतून काढला. तो रडत व्हता, दप्तर सोडत नव्हता. मी त्याच्या हातातून वडला. म्हनली, साहेबानं लिवलंय. मग तो कागद खोटा व्हता?"

डॉक्टर गोंधळले. "आजी, तुमचा दोष नाही हो. त्या काळी शास्त्रच..."

"खोटा का खरा, तेवढंच सांगा."

सरूबाईने कागद डॉक्टरांपुढे धरला. समीक्षाने आईकडे पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं की आपण घरात काय आणून ठेवलंय. भावाच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला निघालो, आणि ते आईच्या डोक्यावर ठेवलं.

बळवंत हसला. तेच जुनं हसणं.

"साहेब, थांबा जरा. तुमी माना नाय तर नका मानू, मना आनखी विचारा. आता विचारा, आयेच्या देखत."

डॉक्टरांनी नाइलाजाने दुसरं पान काढलं. "बरं. पाच, दहा, पंधरा, वीस. पुढे काय?"

बळवंतने डोळे बारीक केले. ज्या माणसाने रोज पहाटे बंदरावर वीस-वीस मासे मोजून टोपल्या लावल्या, तो माणूस बोटांवर मोजत राहिला. मग म्हणाला, "तीस?"

"पुन्हा बघा."

"चालीस असंल."

"सोमवारच्या आधी कोणता वार?"

"मंगल." मान खाजवत. "नाय, बुध."

एकादशी कोणत्या वारी येते हे वर्षभराचं तोंडपाठ असणारा बळवंत. समीक्षा बोलायला गेली, "दादा, काय चाललंय तुझं," तर त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरली.

आणखी चार प्रश्न झाले. चारही चुकले. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. समोर पुरावा होता, आणि पुरावा बदलला की मत बदलायचं, हा त्यांचा धर्म. त्यांनी चित्रं पाकिटात घातली, बळवंतच्या खांद्यावर थोपटलं आणि सरूबाईकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "आजी, काळजी करू नका. तुम्ही केलंत ते त्याच्या भल्याचंच केलंत."

"म्हंजे खरा?"

"हो. साधारण खराच."

सरूबाईने कागद छातीशी धरला आणि आत गेली. दारामागे निधी ओठ चावत उभी होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहायला कुणाला सवड नव्हती.

रिक्षाच्या नाक्यापर्यंत समीक्षा डॉक्टरांना सोडायला गेली.

"सर, तो मुद्दाम चुकला. तुम्हाला कळलं नाही?"

डॉक्टर थांबले. "बाई, भावाबद्दलची माया मी समजू शकतो. ते होडीचं उत्तर फार सुंदर होतं, मान्य. पण एक सुंदर उत्तर म्हणजे बुद्धी नव्हे. वाराचं ज्ञान, साधी अंकमालिका, हे चुकवून दाखवायलाही एक हुशारी लागते, आणि ती त्यांच्यात असती तर त्यांनी मला मूर्ख बनवण्यात काय मिळवलं असतं?" ते जरा विचारात पडले. "खरं सांगू, आज मीच शिकलो. सरसकट विधान करू नये. सगळ्यांचीच बुद्धी बदलते असं नाही. पुढच्या आवृत्तीत एक तळटीप टाकीन म्हणतो."

रिक्षा निघून गेली. कोळीवाड्याच्या नाक्यावर समीक्षा एकटीच उभी राहिली. रविवारच्या त्या टाळ्या तिला आठवल्या.

परत आली तेव्हा बळवंत ओट्यावर नव्हता. होडीपाशी होता, ताडपत्रीची दोरी आवळत.

"दादा, का केलंस हे? चाळीस वर्षांनी तो माणूस घरी येऊन कान धरत होता रे."

"कोनाचे कान धरीत व्हता? सोताचे का आयेचे?" बळवंतने गाठ मारली. "आये ऐंशीची जाली समे. तिना आता कशाला सांगायचं का, पोरगा तू हातानं बुडवलास? ती रातभर बसंल, माजं दप्तर आठवीत. मी तर जगलो. जगून जालंय माजं. आता तो आकडा खोटा जाला तरी मना कोन शालेन घेनार हाय?"

"आणि तुला काहीच वाटत नाही?"

त्याने दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं. बराच वेळ गाठ जमेना. चाळीस वर्षांत तिने त्या हातांना गाठ चुकताना पाहिलं नव्हतं.

"डोक्यान हाय काय तरी, मना ठावं व्हतं," तो खाली बघत म्हणाला. "बुवांचं आख्यान ऐकलं का ठावं पडायचं. पन मी सोताला सांगायचो, साहेब शिकलेला, तो कशाला खोटं लिवंल. त्याच्यावर मी निजायचो. आज तू तो आधार पन काढून घेतलास." मग लुंगीच्या कोपऱ्याने नाक पुसलं आणि हात पुढे केला. "फॉर्म दे."

"काय?"

"निधीचा. पेन पन दे. मना सही येते, तेवढी तूच शिकवलीस."

ती पर्स उघडेपर्यंत तो बोलत राहिला. "पन एक आयक. आयेला सांगायचं, पोरगी बापावर गेली नाय, आतेवर गेली. तुज्या घरी ऱ्हाईल, तुज्यासारखी शिकंल. माजं नाव काढायचं नाय. कागद खराच. कलला?"

होडीच्या फळीवर फॉर्म ठेवून बळवंतने सही केली. एकेक अक्षर, जसं लहानपणी बहिणीने वाळूत बोटाने गिरवून दिलं होतं तसंच, 'ळ'ची गाठ जरा मोठी. दारातून निधी धावत आली, फॉर्म हातात घेतला, बापाकडे पाहिलं. "बाबा, मी पास होईन."

"हो की. आतेवर गेलीस ना तू," तो म्हणाला आणि ताडपत्रीकडे वळला.

निघताना समीक्षा आत आईच्या पाया पडायला गेली. सरूबाईने कागद पुन्हा फळीवर ठेवला होता. दसरा लांब होता, तरी कागदाच्या कोपऱ्यावर ताजं हळदकुंकू दिसत होतं. तिने लेकीचा हात धरला.

"गो बाय, मी अडानी. तो साहेब रिक्षेन बसताना तुना काय म्हनला? माजी शप्पत हाय, खरं सांग. आमच्या घरान तूच शिकलेली."

एकशे चार, तो वरचा आकडा, समीक्षाच्या डोळ्यांपुढे होता. ती आईजवळ खाली बसली. बाहेर बळवंतच्या हातातली दोरी लाकडावर घासल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"तेच म्हनला, आये," ती म्हणाली. "पहिलंच खरं."

"बरं जालं," सरूबाईने सुस्कारा सोडला आणि फळीकडे बघून हात जोडले. "नायतर मी काय तोंड दावलं असतं पोराला."

बाहेर दोरी पुन्हा घासू लागली.